गजराज, मैना आणि प्रल्हादरावांचा उजवा हात

सृष्टीच्या आरंभी जो नाद उमटला आणि ज्याचा विराम अद्याप झालेला नाही, त्या नादाचे अधिष्ठान असलेल्या श्रीगणेशास, वाग्देवी शारदेस आणि आमच्या अमरावतीचा सांभाळ करणाऱ्या श्रीअंबामातेस वंदन करून, दीपावलीच्या या पर्वकाळी लेखणी हाती घेतो. संपादकांनी "तुमच्या धंद्यातले काही लिहा" अशी आज्ञा केली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. संस्कृत पाठशाळेत व्याकरण घोकलेला मी. पुढे उदरनिर्वाहासाठी हार्मोनियम दुरुस्त करू लागलो आणि काळाच्या ओघात विजेवर चालणारे सिंथेसायझरही माझ्या दुकानात येऊ लागले. संध्यावंदन आणि सोल्डरिंग यांचा संसार एकाच घरात चालला. दोघांनाही आसन स्थिर लागते आणि मन एकाग्र लागते, एवढेच मी टीका करणाऱ्यांना सांगत आलो.

राजापेठेत, शिकवणी वर्ग आणि दुचाकी यांच्या गर्दीत, माझे दोन खणांचे दुकान होते. गमतीची गिऱ्हाइके पुष्कळ आली. शेंदूरजनाघाटचे एक संत्र्यांचे व्यापारी मुलाचे वाद्य घेऊन आले होते. निम्म्या पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या. उघडून पाहतो तो आत वाळलेल्या रसाचा थर आणि संत्र्याच्या चार बिया. वाद्य फळांच्या पेट्यांखाली ठेवले होते काय, असे मी विचारले. ते गृहस्थ किंचितही न लाजता म्हणाले, "पंडितजी, यंदा संत्र्याचा बार लय चांगला आला ना जी, जागाच नव्हती!"

परंतु आज मला गेल्या वैशाखातील चार दिवसांविषयी लिहावयाचे आहे. दुकान बंद करून मला पाच वर्षे झाली होती. त्या चार दिवसांत मला माझ्या धंद्यातील एक गोष्ट कळली. ती चाळीस वर्षांपूर्वी कळावयास हवी होती.

अकोल्याचे प्रल्हादराव तायडे हे माझे सर्वांत जुने गिऱ्हाईक. पाटबंधारे खात्यात नोकरी आणि उरलेल्या वेळात ऑर्केस्ट्रा, असे त्यांचे तरुणपण गेले. त्या ऑर्केस्ट्रात चित्रपटगीते असत, भीमगीते असत, आणि कार्यक्रमाचा आरंभ नेहमी एकाच धुनेने होई. पडदा बंद, सभागृहात अंधार, आणि त्या अंधारातून प्रल्हादरावांच्या सिंथेसायझरचा एक खोल, भरदार सूर उठे. दोन-अडीच मिनिटांची ती धून त्यांनी स्वतः बांधली होती. बाळापूरपासून शेंदूरजनाघाटपर्यंत ती ऐकली की लोक शेंगा सोलणे थांबवत.

ते वाद्य म्हणजे "गजराज". परदेशी बनावटीचे, लाकडी बाजूंचे, दोघांनी उचलावे असे. हे नाव ऑर्केस्ट्रातल्या मुलांनीच ठेवले होते. नव्या वाचकांसाठी थोडे स्पष्ट करतो. आजच्या कीबोर्डमध्ये सूर आधीच साठवलेला असतो. पट्टी दाबली की तो बाहेर येतो. गजराजासारख्या जुन्या वाद्यात काहीही साठवलेले नसते. पट्टी दाबली की विजेचे मंडल त्या क्षणी सूर उपजवते. गजराज एका वेळी पाच सूर काढू शकतो, म्हणजे त्याच्या पोटात पाच गायक बसले आहेत असे समजा. प्रत्येक गायकापाशी सूर उपजवणारी दोन मंडले, एकूण दहा. ही दहा मंडले परस्परांशी जुळवणे हे माझे काम. प्रत्येक मंडलाशेजारी मसुरीच्या दाण्याएवढा एक पेच असतो, त्याला आम्ही प्रीसेट म्हणतो. तो बारीक पेचकसाने केसभर फिरवावयाचा.

त्या सकाळी प्रल्हादरावांच्या कन्येचा, वैशालीचा, फोन आला. ती सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. दोन वर्षांपूर्वी प्रल्हादरावांच्या उजव्या अंगावरून वारे गेले, हे मला ठाऊक होते. पायात शक्ती परतली होती. हाताची अंगठ्याजवळची दोन बोटे आणि अंगठा काम करत होते. अनामिका व करंगळी सांगितलेले ऐकत नव्हत्या.

"काका, रविवारी जुन्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम हाय," वैशाली म्हणाली. "बाबा म्हणते, सुरुवातीची धून मीच वाजवीन. आणि ऑर्केस्ट्राचे ढोलेकाका म्हणते, रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावू, तुमी नुसतं वाद्यापाशी बसा. तेव्हापासून बाबा जेवूनच नाई राह्यले."

"मग मी काय करावे, बेटा?"

"गजराज तीन वर्षांपासून बंद पडला. शनिवारी तालीम हाय. तालमीत बाबांनी वाजवलं तं ठीक, नाई तं ट्रॅक. तुमी या."

तो गुरुवार होता.

मी केवळ गजराजावर विसंबून जाणार नव्हतो. राजापेठेत संगीतवर्ग चालवणाऱ्या रोहिणीताईंकडे त्याच काळातले एक जपानी वाद्य आहे, त्याला मी "मैना" म्हणतो. सहा सुरांचे, सडपातळ, बोटांना अत्यंत हलके. रोहिणीताईंनी ते चादरीत गुंडाळून माझ्या स्वाधीन केले.

"गुरुजी, न्या, पण उन्हात गाडीत ठेवू नका. पोटच्या लेकीपेक्षा जास्त जपलंय हिला."

आतल्या खोलीतून आवाज आला, "आई, मी घरातच आहे!"

अकोल्यास पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. वैशाखातली अकोल्याची दुपार वर्णन करून सांगावी अशी नसते. प्रल्हादराव दारात काठी टेकून उभे होते.

"या पंडितजी. मेलो नाई अजून. आणि ही कोण पाव्हणी आणली सोबत?"

"मैना. गजराज रुसला तर उपयोगी पडेल."

"रुसला तं तुमी समजूत घाला ना! चाळीस वर्षं तेच करून राह्यले तुमी."

बैठकीच्या खोलीत भगवान बुद्धांच्या तसबिरीशेजारी वैशालीने माझ्या आसनासाठी जागा मोकळी करून ठेवली होती. ताम्हन, पळी, स्वच्छ पाणी. पूर्वी मुक्कामास येत असे तेव्हाही तिची आई तीच जागा देत असे. सायंसंध्या आटोपली आणि मी गजराज उघडला. वीजपुरवठ्याचे तीन कपॅसिटर फुगले होते, ते बदलले. पट्ट्यांखालचे संपर्कबिंदू काळे पडले होते, ते पुसले. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी पहाटे वाद्य सुरू करून ठेवले, कारण अशा यंत्राला उष्णता सर्वत्र सारखी पसरेपर्यंत दोन-तीन तास लागतात. त्याआधी जुळवलेला सूर टिकत नाही. नंतर एकेक करून दहाही मंडले जुळवली.

हार्मोनियमवर शिकलेली माझी रीत अशी. दोन सूर एकत्र वाजवले आणि ते किंचित भिन्न असले, तर त्यांच्यात एक लहर ऐकू येते, कोणी दार हळूहळू उघडझाप करावे तशी. सूर जवळ आणत गेलो की लहर मंद होते. पूर्ण जुळले की विझते. लहर विझली की काम झाले. आमच्या गुरूंनी हेच शिकवले होते, आणि मी त्याला उपासनेसारखे मानत आलो. मध्यान्हापर्यंत गजराजात एकही लहर उरली नव्हती. मला फार समाधान वाटले.

दुपारी दोन्ही वाद्ये शेजारी मांडून पारख सुरू झाली. प्रथम बोटांची. मैनेची पट्टी जेमतेम स्पर्शाने खाली जाई. प्रल्हादरावांनी धुनेचा पहिला भाग वाजवला आणि त्यांचा चेहरा उजळला. पण दुसऱ्याच ओळीत एक परका सूर घुसला, मग आणखी एक.

"मी नाई वाजवला तो," ते म्हणाले.

वाकून पाहिले तेव्हा उलगडा झाला. निर्बल झालेल्या दोन बोटांचा नुसता भार पट्ट्यांवर पडत होता, आणि मैना इतकी आज्ञाधारक की तेवढ्यानेही गात होती. गजराजाच्या पट्ट्या जड. त्यांच्यावर ती दोन बोटे निवांत विसावत आणि आवाज निघत नसे. पण तिथे बाकीची तीन बोटे चौथ्या ओळीपर्यंत थकून जात.

मग आवाजाची पारख. मैनेचे सहाही सूर एकाच घड्याळाच्या ठोक्यावर चालतात, म्हणून ती कधी बेसूर होत नाही. एकटा सूर काहीसा सपाट. तिच्यातला एक खटका दाबला की त्यावर कृत्रिम झुळूक येते आणि तो गोड होतो. गोड, निर्मळ, थोडा दुरून आल्यासारखा. गजराजाचा आवाज अंगावर येणारा. निदान तो तसा असावयास हवा होता.

प्रल्हादरावांनी गजराजावर तीन सुरांचा मेळ धरला. डावा हात त्यांनी फिल्टरच्या बटणावर ठेवला. हे बटण म्हणजे वाद्याचे मुख. मिटलेल्या ओठांतून निघणारा हुंकार हळूहळू उघडून मोठा 'आ'कार व्हावा, तसा सूर त्याने उघडतो. त्यांनी मुख उघडले. मिटले. पुन्हा उघडले. मग दोन्ही हात मांडीवर घेतले.

"पंडितजी, हा आपला गजराज नाई."

"का? काय उणे आहे?"

"उणं काई नाई. तेच तं. तुमी याचा जीव काढला."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. चाळीस वर्षांत माझ्या कामाविषयी असे वाक्य मी ऐकले नव्हते. मी जरा कठोर स्वरात म्हणालो, "प्रल्हादराव, दहाही सूर शुद्ध जुळले आहेत. एक लहर दाखवा."

"कशी दाखवू? तुमी ठेवलीच नाई!" ते उसळून म्हणाले आणि लगेच वरमले. मग काठीकडे पाहत म्हणाले, "आता सांगूनच टाकतो. तुमी दरवेळी गजराज असाच करून देत होते. मी नमस्कार करून घरी आणत होतो, आणि रविवारी झाकण उघडून पाचही जणाईचे पेच थोडे थोडे हलवत होतो. पाच माणसं गाते तं पाच गळे पायजे ना जी? तुमी पाचही गळ्याईले एकच करून देता. मी दरवेळी बिघडवला, तवा कुठं तो वाजला."

"दर वेळी?"

"दर वेळी. आता हात कापते. पेचकस धरता येत नाई. नाई तं मरेपर्यंत तुमाले सांगितलं नसतं."

मी उठून अंगणात गेलो. ऊन उतरले नव्हते. कडुनिंबाखाली उभा राहिलो आणि मनात हिशेब नको तितका स्पष्ट होत गेला. मला बाळापूरच्या एका भजनी मंडळाची दुहेरी सुरांची पेटी आठवली. तिच्या दोन ओळींतली लहर मी तीन दिवस खपून, सूर म्हणजे आतल्या पितळी जिभा खरवडून घालवली होती. मंडळाचे वृद्ध बुवा ती वाजवून पाहताना क्षणभर थबकले, माझ्या कपाळावरच्या गंधाकडे पाहिले आणि हात जोडून म्हणाले, "उत्तम झाली, गुरुजी." पुढे दोन वर्षांनी गेलो तेव्हा मंडळ नवी पेटी वाजवत होते आणि ती जुनी कोनाड्यात होती. "ही का वाजवत नाही?" असे मी विचारले, तर बुवा म्हणाले, "जपून ठेवली जी." मला त्याचा अभिमान वाटला होता. खरवडलेला सूर परत भरून येत नाही, हे लिहिताना हात थांबतो. किती जणांनी माझ्यासमोर हात जोडून निर्जीव वाद्ये घरी नेली असतील? त्यांनी माझा मान राखला, आणि त्या मानापायी मला शिकावयाचे ते राहून गेले.

शनिवारी पहाटे संध्या आटोपल्यावर मी प्रल्हादरावांना गजराजापाशी बसवले. तालमीस तीन तास होते.

"कान तुमचा, हात माझा," मी म्हणालो. "सांगा."

"पयला आवाज. जरासा वर घ्या."

मी पेच फिरवला. लहर उठली.

"अजून."

"प्रल्हादराव, हे बेसूर होते आहे."

"मी सांगून राह्यलो ना! अजून. अजून... बस! आता दुसरा. तो खाली घ्या. तो म्हातारा हाय."

"कोण म्हातारा?"

"दुसरा आवाज. तो दमलेला पायजे थोडा. घ्या खाली. अरे देवा, इतका नाई, मेला ना तो!"

वैशाली चहा घेऊन दारात उभी राहून हसत होती. माझा हात मात्र हसत नव्हता. पेच सोडला की बोटे आपोआप त्याला परत शुद्ध स्थानी नेऊ पाहत. दोन वेळा मी नकळत सूर जुळवून टाकला आणि दोन्ही वेळा प्रल्हादरावांनी माझ्या मनगटावर काठीचे टोक टेकवले. पाचवा आवाज लागला तेव्हा त्यांनी मेळ धरला, डाव्या हाताने मुख उघडले, आणि त्या खोलीत जे घडले त्याविषयी मी केवळ एवढेच सांगू शकतो की तांब्यातले पाणी थरथरले. हे वाद्य मी चाळीस वर्षे हाताळले होते. ऐकले त्या दिवशी.

तालीम दहा वाजता होती. चार जणांनी गजराज मंचावर चढवला. सुरेश ढोले, ऑर्केस्ट्राचे गायक आणि व्यवस्थापक, लॅपटॉप उघडून बसले होते. माणूस वाईट नव्हे. मित्राची फजिती होईल या भीतीने ते अधिक कडक बोलत होते.

धून सात ओळींची. तीन ओळी निर्वेध गेल्या. चौथ्या ओळीत पंचमावर जरा थांबून वर जावयाचे असते. तिथे बोटांतली शक्ती संपली. सूर तुटला. सभागृहात फक्त कूलरची घरघर.

"भाऊ," ढोले हळूच म्हणाले, "लोकं मूर्तिजापूरहून, बाळापूरहून येऊन राह्यले. ट्रॅक लावू ना. कोणाले काय समजते?"

"मले समजते," प्रल्हादराव म्हणाले.

"पयल्याच मिनटाले गप्प झालो तं इज्जत जाईन."

"कोणाची?"

"साऱ्याईची. तुमची बी."

"माझी मी पाहीन. तू तुझी पाहाय."

वैशाली मध्ये पडली आणि तोडगा निघाला. प्रल्हादराव वाजवतील. ढोले लॅपटॉपवर बोट ठेवून बसतील. हात थांबला आणि आवाज तुटला, तर ते चार मोजतील आणि ट्रॅक सोडतील. प्रल्हादरावांनी मान हलवली, पण माझ्याकडे पाहिले नाही.

गजराजासह घरी आल्यावर मी पुन्हा पट्ट्यांकडे वळलो. प्रत्येक पट्टीला खालून एक स्प्रिंग ओढून धरते. तिच्या ताणावर पट्टीचा जडपणा अवलंबून. हार्मोनियमवाल्याला हे काम नवीन नाही. सगळ्याच पट्ट्या हलक्या केल्या तर निर्बल बोटे मैनेसारखा घोटाळा करतील. म्हणून प्रल्हादरावांना मी धून हळूहळू वाजवावयास सांगितली, तीन समर्थ बोटे ज्या पट्ट्यांवर उतरतात त्यांवर खडूची खूण केली आणि तेवढ्याच अकरा पट्ट्यांचा ताण सैल केला. ज्यांवर दुसरी दोन बोटे विसावतात त्या जडच ठेवल्या. जगात दुसऱ्या कोणासही उपयोगी पडणार नाही असे ते वाद्य झाले. मधल्या सप्तकातली काळी चार, म्हणजे या धुनेचा पंचम, ती मी सर्वांत सैल केली. "हिला जपा," मी सांगितले. "वर येण्यापुरताच जोर हिच्यात ठेवला आहे."

रविवारी सायंकाळी सहास सभागृह भरले होते. दुपारपासून वाद्य सुरू ठेवले होते. पण मंचावरचे दिवे लागताच हवा तापली आणि चौथा आवाज आपली जागा सोडून वर सरकू लागला. या जुन्या वाद्यांचे हेच दुखणे. उष्णतेबरोबर सूर ढळतो. प्रल्हादरावांनी ठरवलेले अंतर बिघडू नये म्हणून मी एक कूलर गजराजाच्या पाठीमागे लावून घेतला. स्वतः मंचामागच्या काळ्या कापडाआड, वाद्याच्या मागे, स्टुलावर बसलो. मागचे झाकण काढलेले. हातात बांबूचा, मी स्वतः तासलेला पेचकस. लोखंडाचा नुसता स्पर्शही सूर हलवतो. माझ्या डावीकडे चार हातांवर ढोले, लॅपटॉपच्या निळसर उजेडात. पलीकडे वैशाली.

दिवे मावळले. कोणीतरी प्रेक्षकांत खोकले. मग गजराजाचा पहिला मेळ उठला.

पहिली ओळ. दुसरी. पाच गळे एकमेकांना घासून गात होते. पुढच्या रांगांतून एक सामूहिक उसासा आला. लोकांनी धून ओळखली होती. तिसरी ओळ संपली. मला मागून फक्त पट्ट्यांची लाकडी टोके दिसत होती. पुढे पट्टी दाबली की मागचे टोक उचलले जाते. चौथी ओळ सुरू झाली. काळी चारचे टोक उचलले गेले. पंचम लागला.

आणि हात थांबला. मला तो दिसत नव्हता, परंतु बाकी सर्व टोके खाली होती आणि एकही हलत नव्हते. प्रल्हादरावांचा श्वास मला ऐकू येत होता. त्यांचा हात पट्टीवरून घसरून मांडीवर पडला, हे वैशालीच्या चेहऱ्यावरून कळले. ढोले यांचे बोट उचलले गेले. त्यांचे ओठ हलत होते, मोजण्यासाठी सिद्ध.

पण आवाज तुटला नाही.

काळी चारचे टोक वरच राहिले होते. कूलरची ओलसर हवा पट्टीखालच्या लोकरीच्या अस्तराने धरली होती आणि मी सैल केलेल्या स्प्रिंगला ती पट्टी परत उचलणे जमत नव्हते. हात सुटला तरी पट्टी दाबलेलीच, आणि सूर चालूच. माझ्याच दोन उपायांनी मिळून केलेला दोष माझ्यासमोर वीतभर अंतरावर होता. मागच्या टोकावर बोटाने टिचकी मारली असती तर पट्टी सुटली असती. अडकलेली पट्टी सोडवावयास माझी बोटे मला विचारत नाहीत. उजवा हात झाकणाच्या आत गेला. बोट टोकापासून तांदळाच्या दाण्याएवढे दूर होते.

ढोले माझ्याकडे पाहत होते. सूर थांबला की ते मोजणार. सूर थांबत नव्हता.

मी हात तिथेच धरला. आयुष्यात इतके जड काही धरल्याचे आठवत नाही. त्या एकट्या पंचमात दोन मंडले, प्रल्हादरावांच्या कानाने किंचित दूर ठेवलेली, एकमेकांभोवती फिरत होती. ती लहर मी जुळवून विझवली असती, तर तो सूर भोंग्यासारखा ताठ उभा राहिला असता आणि कोणासही कळले असते की यंत्र अडकले आहे. आता तो श्वास घेत होता. मग तो हळूहळू उघडू लागला. प्रल्हादरावांचा डावा हात फिल्टरच्या बटणावर होता. हुंकार उघडत, उघडत, आकार झाला. सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. पुन्हा मिटत ओठांपाशी आला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. लोकांना वाटले, आज तायडे भाऊंनी पंचम लांबवला.

मग दुसरे एक टोक उचलले गेले. तिसरे. उजवा हात परतला होता, अडखळत, प्रत्येक सुराला जरा उशिरा, पण परतला होता. चौथी ओळ पुरी झाली आणि त्यांच्या अंगठ्याने जाता जाता काळी चार खालून उचकून मोकळी केली. पाचवी. सहावी. सातव्या ओळीतला शेवटचा मेळ विरला तेव्हा पडदा उघडण्याआधीच टाळ्या उसळल्या. ढोले यांनी लॅपटॉप मिटला आणि उपरण्याने डोळे पुसले; नंतर ते म्हणाले की घाम होता.

कार्यक्रम चालू असतानाच विंगेत एका खुर्चीवर प्रल्हादराव बसले होते. वैशाली त्यांचा उजवा हात चोळत होती. मी जवळ गेलो.

"पंडितजी, ती काळी चार अडकली होती."

"हो."

"तुमाले दिसली नाई?"

"दिसली. बोट तिच्यापाशीच होते."

"मंग काहून नाई उचलली?"

मी म्हणालो, "उचलली असती, तर तुम्ही घरी नेऊन ती पुन्हा अडकवली असती."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, आणि मग असे हसले की काठी खाली पडली. ती उचलावयास ते स्वतः वाकले, उजव्या हाताने, आणि आम्ही कोणीही मदत केली नाही.

मैना जशी नेली तशी रोहिणीताईंना परत केली. गजराज अकोल्यातच आहे, अकरा सैल पट्ट्यांसह. बाळापूरची ती पेटी मी श्रावणात जाऊन पाहून आलो. जुने बुवा आता नाहीत. सूर भरता येत नाही. दुसऱ्या ओळीचे सगळे सूर नव्याने बसवतो आहे. या खेपेस मंडळातल्या चार जणांना जवळ बसवून घेतले आहे, आणि बजावले आहे की माझ्या गंधाकडे पाहावयाचे नाही.

ज्या घरात हा अंक उघडला गेला असेल, त्या घराच्या उंबऱ्यावरचे दिवे वाऱ्यात स्थिर राहोत. त्या घरातील आजारी हातांना बळ येवो, वृद्धांचे कान शाबूत राहोत, आणि एकाच छपराखाली गाणारे सर्व कंठ आपापली लहर जपून एका सुरात नांदोत. श्रीअंबामाता आपणां सर्वांचे आणि आपल्या लेकराबाळांचे निरंतर मंगल करो.